डाव्या अंगाचा बैल

माझ्या नवऱ्याचं मुख्य काम दारं-खिडक्यांचं. पण वैशाख लागला की ते बैलांना हात घालायचे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात, तान्ह्या पोळ्याला मुलांचे लाकडी. चाकांच्या पाटीवर उभा केलेला बैल, गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल, आणि त्याला दोरीने ओढत दारोदार हिंडणारी मुलं. गोंदियाच्या बाजारात आता यंत्रावर केलेले चकचकीत बैल मिळतात, सगळे एकाच तोंडाचे. तरी आमच्या भागातली काही घरं अशी होती, की त्यांना बैल माझ्या नवऱ्याच्याच हातचा लागायचा.

आमचं घर दवनीवाड्याच्या रस्त्याला लागून आहे. घराच्या बाजूला टिनाची सपरी, तिथे त्यांचं काम चालायचं. मी अंगणवाडीत मदतनीस होते. दुपारी घरी आले, जेवणं आटोपली की मीही सपरीत बसायचे. त्यांनी पटाशीने घडवलेला बैल माझ्याकडे यायचा. कानशीने उंचवटे काढायचे, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. ओल्या फडक्याने पुसलं की लाकडाची बारीक कुसं उभी राहतात. ती वाळू द्यायची आणि पुन्हा घासायची. कुठे फट असली तर लाकडाचा भुसा सरसात कालवून भरायची. सगळ्यात शेवटी जवसाचं तेल. तीसेक वर्षं मी हे केलं. पटाशी मात्र कधी हातात घेतली नाही. त्यांनी दिली नाही, मी मागितली नाही. डोळेही तेच काढायचे. माझं घासणं झालं की बैल परत त्यांच्याकडे जायचा, ते सकाळच्या उजेडात बसून डोळे कोरायचे, आणि मग मी तेल लावायची.

लम्पीच्या रोगाने जनावरं मेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ बसमधून उतरून विचारत विचारत आमच्या सपरीत आले. धोतर, पांढरा सदरा, डोक्याला दुपट्टा. धानाची शेती असलेले, आमच्यापासून तीन-चार गावं पलीकडचे. मी पाणी दिलं. ते तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी प्यायले आणि म्हणाले, "मिस्तरी, बैल बनवून पायजे."

"केवढा?"

त्यांनी आपल्या मांडीवर आडवा हात ठेवला. "एवढा त पायजेच."

एवढा मोठा बैल आम्ही कधी केला नव्हता. माझ्या नवऱ्याने विचारलं, "नातवासाठी होय का?"

"नाई जी. माह्या बैलासाठी होय."

आम्हा दोघांनाही कळलं नाही. बाबाजी खाली मान घालून सांगू लागले. त्यांची जोडी होती, एकाच गाईच्या पोटची, एक वर्षाच्या अंतराने झालेली. डाव्या अंगाला चालणारा बैल लम्पीने गेला, पोळ्याला दोन दिवस राहिले असताना. उजवा राहिला.

"पोरगा म्हनते ट्रॅक्टर सांगू. म्हटलं सांग. शेतीचं होऊन जाते जी. पन पोळ्याले मी पूजा कोनाची करू? एकट्या बैलाचा पोळा नाई होत. जोड लागते."

"मंग दुसरा घेऊन घ्या नं एखादा," माझा नवरा म्हणाला.

"दुसरा घेतला त तो त्याच्या जागी उभा राहीन," बाबाजी म्हणाले. "ते मले पायलं नाई जाणार."

मग त्यांनी बैलाचं वर्णन केलं. पांढरा, मानेवर काळपट. डावं शिंग टोकाशी आत वळलेलं. कपाळ रुंद. नवरा मधेमधे मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "मी त्याले पायला आहे, बाबाजी. दोन वर्साआधी, पोळ्यात. सारे बैल तोरणाखाली समोर तोंड करून उभे, अन् हा एकटाच बाजूले पाहून राहिला होता."

बाबाजींनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "हाव," ते म्हणाले. "तोच. त्याले घुंगरांचा आवाज नाई आवडे."

त्या रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवर त्यांच्या गावी गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण नवरा म्हणाला चल, म्हणून गेले. गोठ्यात दोन खुंटे होते. एकाला उजवा बैल बांधलेला, दुसऱ्याला नुसतं दावं गुंडाळून ठेवलेलं. दाव्यावर धूळ नव्हती. कोणीतरी ते झटकत असावं.

माझ्या नवऱ्याने जिवंत बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळे मिटून तो हात हळूहळू शेपटीपर्यंत नेला. मग पोटाखालून, मग पुढच्या पायांवरून. टेप खिशातच राहिला. एकाच गाईचे दोघे, तेव्हा हाडांची ठेवण सारखीच असणार, असं त्यांचं म्हणणं. मी आणि बाबाजी बाजेवर बसलो होतो. तो कसा गेला ते बाबाजींनी मला सांगितलं. अकरा दिवस उभाच होता. बसलो तर उठता येणार नाही हे त्याला कळत होतं जसं काही. अंगभर गाठी, मान सुजलेली. बाबाजी कडुनिंबाच्या डहाळ्यांनी माश्या वारत बसायचे. मेल्यावर त्याला कोणाला देता आलं नाही. रोगाचं जनावर, पुरावंच लागतं. शेताच्या बांधाशी, धुऱ्यावर, जेसीबीने खड्डा केला, चुना आणि मीठ टाकलं.

"जेसीबीच्या तोंडात होता तो," बाबाजी म्हणाले. "पाय लोंबत होते, बाई."

घरी आल्याबरोबर नवऱ्याने सपरीच्या मागचा शिवणाचा ओंडका बाहेर ओढला. कोणाच्या तरी धुऱ्यावरचं झाड वादळात पडलं होतं, ते त्यांनी आणून तीन वर्षं सुकवत ठेवलं होतं. कशासाठी ठेवलंय असं मी विचारायची तेव्हा म्हणायचे, पाहू. त्या दिवशी त्यांनी त्यावर कोळशाने एक रेघ मारली, बैलाच्या पाठीची.

जेठ महिनाभर ते त्या बैलावर होते. दारांची कामं मागे पडली. आधी पाठ आणि वशिंड उघडं झालं, मग पोट, मग मांड्या. शिवणाचं लाकूड हलकं असतं, पटाशीला अडत नाही, छिलपे कसे कुरकुरीत निघतात. मी अंगणवाडीतून आले की त्या छिलप्यांत पाय घालून बसायची आणि मागचा भाग घासायची. ते पुढच्या भागावर असायचे. एकाच बैलावर दोघांनी एकाच वेळी काम करायची आमची ती पहिलीच खेप. ते खूश होते. बोलून दाखवणाऱ्यातले नव्हते, पण दातांत काडी धरून मान तिरपी करून पाहायचे, त्यावरून मला कळायचं.

आषाढाच्या सुरुवातीला, सकाळी, मी अंगणवाडीत निघण्याच्या घाईत होते. ते मानेखालची लोंबती कातडी कोरत होते. मोगरीचा ठोक ठोक आवाज येत होता, तो थांबला. मी चपला घालताना म्हटलं, "डबा झाकून ठेवला आहे, जेवून घ्याल." उत्तर आलं नाही. मग मोगरी खाली पडल्याचा आवाज झाला. मी सपरीत गेले तर ते बसलेलेच होते. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला गेलेलं. माझ्याकडे पाहून काहीतरी सांगत होते, पण शब्द होत नव्हता. पटाशी बैलाच्या मानेत रुतून उभी होती.

शेजारच्यांच्या ऑटोतून त्यांना गोंदियाला नेलं. देवरीला दिलेली आमची मुलगी बस धरून संध्याकाळपर्यंत दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. दोन आठवड्यांनी त्यांना घरी आणलं तेव्हा उजवा हात गेला होता, उजवा पाय ओढत ते धरून धरून चालू शकत होते. आणि बोलणं गेलं होतं. एकच शब्द उरला होता, 'हाव'. हो म्हणायचं असलं तरी हाव, नाही म्हणायचं असलं तरी हाव, पाणी पाहिजे असलं तरी हाव. कधी हसून, कधी चिडून, कधी नुसतं पुटपुटत. सुरुवातीला मी प्रत्येक हाव खरा धरायची. "भात वाढू का आनखी?" "हाव." वाढला की ते ताट ढकलायचे. मग मी शब्द सोडून त्यांच्या डोळ्यांकडे पाहायला शिकले.

मी बाबाजींना निरोप पाठवला की आता बैल होत नाही, राग मानू नका. तिसऱ्या दिवशी ते स्वतः आले. सोबत चिन्नोर तांदळाची थैली. माझ्या नवऱ्याच्या बाजेजवळ खुर्चीवर बसले, त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बैलाचं नाव काढलं नाही. पाऊस, रोवणी, मुलाने यंदा ट्रॅक्टरने केलेली चिखलणी, असलं काहीबाही बोलत राहिले.

माझा नवरा एकदम उठायला लागला. मी धरलं. ते मला ओढत सपरीत घेऊन गेले. बैल तिथेच होता, मी त्यावर पोतं टाकलं होतं. त्यांनी डाव्या हाताने पोतं काढलं. मग बैलाकडे बोट केलं, मग माझ्याकडे.

"मी?" मी म्हटलं. "मले नाई येत. मी कधी केलं आहे का ते?"

"हाव," ते म्हणाले.

बरोबर, तुला येत नाही, असं त्यांना म्हणायचं होतं, की तुला येतं, असं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. बाबाजी दारात उभे होते. ते म्हणाले, "बाई, जसा होईन तसा होऊ द्या."

बैलाचं अंग झालेलं होतं. डोकं बाकी होतं. नुसता ठोकळा, त्यावर कपाळाची आणि नाकाची कोळशाची रेघ. शिंगं आणि कान वेगळ्या लाकडाचे करून भोकात बसवायचे होते. मी अंगणवाडीतून सुटी घेतली. सपरीत त्यांची बाज टाकली, की त्यांना दिसावं. आणि मानेत रुतलेली पटाशी ओढून काढली.

पहिल्याच दिवशी नाकाच्या वरचा बोटभर तुकडा उडाला. मी लाकडाच्या रेषेच्या उलट मारलं होतं. इतकी वर्षं लाकूड घासूनही कोणती रेष कुठे जाते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुकडा उडून त्यांच्या बाजेखाली गेला. ते ओरडले. हाव, हाव, हाव. डाव्या हाताने बाजेची पाटी बडवू लागले, तोंडातून लाळ यायला लागली. मी महिनाभर रात्रंदिवस त्यांचं सगळं करत होते, अंघोळ, संडास, जेवण. माझं डोकं फिरलं. मी पटाशी जमिनीवर आपटली आणि म्हटलं, "मंग तुमीच करा नं! करा उठून! कायले मले सांगून राहिले?"

त्यांनी बडवणं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून पोटावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भरवलं तर खाल्लं, पुसलं तर पुसू दिलं. मी चुकलं म्हटलं. पाया पडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्यात भांडणं झाली नाहीत असं नाही, पण ती बोलून संपायची. इथे समोरून बोलणंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी सपरीत एकटी बसून नाकाचा तुटका भाग कानशीने सारखा करत होते. मागून पाय ओढल्याचा आवाज आला. ते भिंत धरत धरत एकटे आले होते. माझ्या बाजूला बसले. मी कानस ठेवून पटाशी उचलली. पटाशी धरलेल्या माझ्या हातावर त्यांनी आपला डावा हात ठेवला आणि पटाशीचं तोंड थोडं खाली झुकवलं. एवढंच. मी मोगरी मारली, छिलपा सरळ निघाला.

त्यानंतर महिनाभर आम्ही तसंच काम केलं. त्यांचा डावा हात कामाचा कधीच नव्हता, त्यांना त्या हाताने शर्टाचं बटणही लावता यायचं नाही. पण तो हात लाकडावरून फिरवताना ते जिथे थांबायचे तिथे हमखास खोट असायची. मी डोळ्यांनी पाहून सारखं झालं म्हणायची, ते तळवा फिरवून थांबायचे, मी परत कानस घ्यायची. तुटलेल्या तुकड्यामुळे नाक मूळ रेघेपेक्षा बारीक करावं लागलं आणि त्यापायी सगळा चेहराच उतरल्यासारखा झाला. बाबाजींनी रुंद कपाळ सांगितलं होतं. रुंद कपाळाखाली ते बारीक नाक मला बरं दिसत नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाले, हाव.

शिंगं मी दोनदा केली. डावं शिंग आत वळवताना पहिलं मोडलं. दुसरं बसलं. कान बसले. सगळं अंग घासून झालं, ओल्या फडक्याने पुसून परत घासून झालं. डोळे राहिले. पोळा आठ दिवसांवर होता.

त्या सकाळी त्यांनी बारीक पटाशीसाठी हात पुढे केला. मी दिली. मला वाटलं, कुठे मारायचं ते दाखवतील. त्यांनी मोगरीकडे मान केली. मोगरी मी मारायची होती, पटाशी ते धरणार होते. डाव्या हाताने. मी नको म्हणाले नाही. त्या दोन दिवसांनंतर मला त्यांना नको म्हणायचं धैर्यच राहिलं नव्हतं.

डावा डोळा त्यांनी केला. पटाशी जागेवर ठरत नव्हती. मी अगदी हलके ठोके देत होते, तरी वरची पापणी खोल गेली आणि खालपर्यंत घसरली. डोळा अर्धा मिटल्यासारखा झाला. कडेला एक ओरखडा गेला, तो मी पुढे भुशाने भरला. त्यांनी पटाशी काढली, अंगठा त्या डोळ्यावरून फिरवला. बराच वेळ फिरवत होते. मग पटाशी माझ्या हातात दिली, माझी बोटं त्यावर मिटवली आणि उठून आत जायला निघाले. त्यानंतर त्यांनी कुठल्याच हत्याराला हात लावला नाही.

उजवा डोळा मी एकटीने केला. एव्हाना माझा हात बराच बसला होता. पूर्ण उघडा, चांगला डोळा मला करता आला असता, असं मला वाटतं. पण दोन डोळे दोन तऱ्हेचे दिसले असते, आणि लोकांना त्यांचाच डोळा बिघडलेला दिसला असता. मी वरची पापणी तेवढीच खाली आणली.

तेल लावून बैल बाहेर उन्हात ठेवला तेव्हा मुलगी देवरीहून आली होती. ती म्हणाली, "माय, हा झोपून राहिला का?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबाजी मुलासोबत छोट्या गाडीने आले. मुलगा गाडीपाशीच थांबला. बाबाजी बैलासमोर उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, वशिंडावर थापटलं, वळलेलं शिंग धरलं. चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. मग ते गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले, आणि बैलाच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "हा त मरता मरताचा होय."

मला कळलं नाही.

"शेवटी शेवटी त्याले डोळे उघडता नाई येत होते. असाच पाहे. नाकही असंच बारीक झालं होतं." ते तिथेच जमिनीवर बसले. "मले नांगरातला पायजे होता जी. तुमी हा कसा काय काढला?"

मी सांगू शकले असते की नाकाचा तुकडा माझ्या हातून उडाला, आणि डोळा ह्यांच्या डाव्या हाताने झाला. पण माझा नवरा बाजेवर बसून आमच्याकडे पाहत होता, ऐकत होता. मी म्हटलं, "चुकलं जी बाबाजी. नेऊ नका पायजे त."

बाबाजींनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. माझ्या नवऱ्याजवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या, मिस्तरी. तोच होय. दुसरा नोय." आणि मुलाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्याला त्यांच्या घरी गेले. नवऱ्याजवळ मुलगी थांबली. अंगणात दोन पाट मांडले होते. उजव्या बैलाला झूल, शिंगांना बेगड, गळ्यात फक्त माळ, घुंगरू नाही. त्याच्या डाव्या अंगाला माझ्या नवऱ्याचा बैल, त्यालाही तशीच झूल. बाबाजींच्या सुनेने दोघांच्या पायांवर पाणी घातलं, दोघांना कुंकू लावलं, दोघांपुढे पुरणपोळी ठेवली. मनातून मला वाटत होतं की जिवंत बैल त्याला हुंगेल, काहीतरी करेल. त्याने काही केलं नाही. आपली पोळी खाल्ली, मग मान लांब करून लाकडी बैलापुढची पोळीही खाल्ली, आणि कानांवरच्या माश्या झटकत उभा राहिला. बाबाजी त्याच्याकडे पाहत नव्हते. लाकडी बैलापुढे हात जोडून उभे होते.

माझा नवरा त्याच हिवाळ्यात गेला. सकाळी अंगणात उन्हाला बसवलं होतं. मी चहा घेऊन येईपर्यंत मान खाली गेली होती. दुसऱ्या झटक्यात लगेच संपलं, त्रास झाला नसेल, असं सगळे म्हणाले. मला ते माहीत नाही. मी तिथे नव्हते, चुलीपाशी होते.

तेरावं झाल्यावर आठेक दिवसांनी बाबाजी आले. घरात मी एकटीच होते. मुलगी देवरीला गेली होती, मला चल चल म्हणत होती, मी पुढे येते म्हणाले होते. मी बाबाजींना खुर्ची दिली, ते नको म्हणून सपरीच्या पायरीवर बसले. चहा झाला. त्यांनी सांगितलं, उजवा बैल त्यांनी भाच्याला दिला, तिथे जोड मिळाली त्याला. लाकडाचा बैल धानाच्या खोलीत ठेवला आहे, उधई लाकूड खाईल म्हणून विटांवर उभा केला आहे.

मग का कोण जाणे, मी त्यांना ते सांगितलं. कोणालाच सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. लुळ्या पडलेल्या माणसाला मी उठून करा म्हणाले. आणि ते भिंतीकडे तोंड करून दोन दिवस पडून राहिले. सांगताना मी रडले नाही. नवरा गेला तेव्हा जेवढं रडायचं तेवढं झालं होतं. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, म्हणतील की बाई, जाऊ द्या, तुमी एवढी सेवा केली. लोक तेच म्हणत होते.

बाबाजी तसं काही म्हणाले नाहीत. रिकामा कप पायरीवर ठेवला. मग म्हणाले, "मी त्याले मारलं होतं."

"कोनाले?"

"डाव्याले. चिखलणी चालू होती. तो पाय उचलतच नव्हता. मले वाटलं कामचुकारपना करून राहिला. तुतारीच्या काठीची आर टोचली त्याले. एकदा नाई, लय डाव टोचली. संध्याकाळी सोडला तेव्हा अंगाले हात लावला त तापला होता. त्याले ताप होता बाई, दिवसभर. दुसऱ्या दिवशी गाठी दिसल्या." त्यांनी हाताचा तळवा उघडून त्याच्याकडे पाहिलं. "घरी नाई सांगितलं मी हे."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. सपरीत अजून थोडे छिलपे पडलेले होते, कोपऱ्यात, ते झाडायचे राहिले होते. आम्ही एकमेकांना समजावलं नाही. त्यात समजावण्यासारखं काही नव्हतं, केलं ते दोघांनी केलं होतं. पण मला पहिल्यांदा असं वाटलं की ही गोष्ट आता माझ्या एकटीच्याच पोटात नाही.

तीनची बस होती. बाबाजी उठले, दुपट्टा डोक्याला गुंडाळला. मी रस्त्यापर्यंत त्यांच्यासोबत गेले. बस यायला उशीर होता. ते म्हणाले, "तुमी जा घरी, ऊन आहे." मी म्हटलं, "राहू द्या, थांबतो मी." आम्ही बाभळीच्या सावलीत उभे राहिलो. बस आली, कंडक्टरने त्यांना हात दिला, ते खिडकीशी बसले. बस वळेपर्यंत मी तिथे होते. मग घरी आले, झाडू घेतला आणि सपरी झाडून काढली.